लाल मातीवरची उंच खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. पण घरातल्या किंवा कचेरीतल्या माझ्या बहिणींसारखी मी नाही. त्यांच्यावर माणूस नुसता बसतो, माझ्यावर आधी चढावं लागतं. टेनिसच्या मैदानात जाळ्याच्या एका टोकाला शिडीसारख्या लांब पायांची, माणसाच्या डोक्याहून उंच अशी जी खुर्ची दिसते, ती मी. पंचाची खुर्ची. माझ्या नशिबी एका वेळी एकच माणूस आला, आणि त्या माणसाच्या नशिबी दोन्ही बाजूंचा राग.

माझा जन्म वीटभट्टीवर झाला. भट्टीचे मालक टेनिसचे वेडे होते. तरुणपणी ते परगावी शिकायला गेले होते. ‘परत आले तेव्हा पेटीत पदवी नव्हती, रॅकेट होती,’ असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची आणि मालक छाती फुगवून ऐकायचे, जणू कौतुकच चाललंय. भट्टीत दर खेपेला काही विटा जास्त भाजून तडकायच्या, काही उतरवताना फुटायच्या. त्या तुकड्यांचा ढीग वाढत चालला होता. लोकांना त्यात नुकसान दिसायचं, मालकांना मैदान दिसलं. त्यांनी ते तुकडे कुटून घेतले, चाळले, खडी-मुरमाच्या थरावर तो लाल भुगा पसरला, पाणी मारलं, रूळ फिरवला. भट्टीमागच्या मोकळ्या जागेत लाल मातीचं मैदान उभं राहिलं.

मला घडवणारा सुतार विटांचे साचे करायचा. टेनिस त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. मालकांनी जमिनीवर काडीने माझं चित्र काढलं, तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, “एवढ्या उंच बसून हा माणूस करणार काय?”

“खाली खेळणाऱ्यांची भांडणं सोडवणार.”

“मग खाली बसून सोडवायला काय होतं?”

मालकांनी उत्तराऐवजी चित्रात काडीने आणखी एक पायरी काढली. पण सुतार कामाला चोख. त्याला साच्यांची सवय, त्यामुळे मी सगळीकडून काटकोनात झाले. हात टेकायला रुंद फळ्या, चढायला पायऱ्या, आणि वजन इतकं की मला हलवायला चार माणसं लागायची आणि चौघंही सुताराच्या नावाने बोटं मोडायची.

सुरुवातीच्या स्पर्धा म्हणजे घरचंच कार्य. मालकांचे दोस्त, दोस्तांचे दोस्त, शेजारच्या गावचा एखादा मास्तर. थंडी सरून उन्हं तापायच्या आत, दर वर्षी त्याच दिवसांत सामने व्हायचे. मालक स्वतः खेळायचे आणि बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी हरायचे. मग उरलेले दिवस ते यजमान म्हणून मिरवायचे. हळूहळू बाहेरचे खेळाडू येऊ लागले. मग पोटापाण्यासाठीच खेळणारे आले. या गावाहून त्या गावाला, एका स्पर्धेतून दुसऱ्या स्पर्धेत, खांद्याला भलीमोठी पिशवी अडकवून वर्षभर फिरणारे. फळकुटांच्या बाकांजागी सिमेंटच्या पायऱ्या आल्या. वर्तमानपत्रवाले आले, मागोमाग कॅमेरेवाले. भट्टीवाल्यांची स्पर्धा म्हणून सुरू झालेली ती आता पुरुषांची व्यावसायिक स्पर्धा झाली होती. पण मैदानात दर वर्षी घालायचा नवा भुगा त्याच भट्टीतल्या फुटक्या विटांचा असायचा.

वरून माणसं फार छान दिसतात. मोठमोठे खेळाडू, पण प्रत्येकाची काहीतरी खोड. एक जण सर्व्हिस करण्याआधी चेंडूशी पुटपुटायचा. एक रेषेवर पाय म्हणून द्यायचा नाही, लंगडी खेळल्यासारखा रेषा ओलांडायचा. लाल मातीवर पळता पळता थांबता येत नाही, घसरत जाऊनच फटका मारावा लागतो. त्यामुळे मोजे लाल, पोटऱ्या लाल, आणि रॅकेटने बुटांचे तळवे ठोकत उभं राहायची सगळ्यांना सवय. हरलेला माणूस जिंकलेल्याशी हात मिळवतो आणि मग पंचाशी. पहिल्या वेळी तो डोळ्यांत बघतो, दुसऱ्या वेळी बुटांकडे. वेगवेगळ्या देशांच्या भाषांमधल्या शिव्या मी ऐकल्या. शिवी कुठल्याही भाषेतली असो, लाकडालाही कळते.

पण या मातीचा एक गुण आहे, तो सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुढे जाणार नाही. इथे चेंडू पडला की खूण उमटते. एक लांबट, फिकट ठसा. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, यावरून वाद झाला की पंच माझ्यावरून खाली उतरतो, चालत तिथवर जातो, वाकून ती खूण बघतो आणि निकाल देतो. गवतावर किंवा सिमेंटवर ही सोय नाही. तिथे पंच म्हणेल ते. इथे माती म्हणेल ते.

आणि माती काय म्हणते ते सांगायला होते मामा.

मामा म्हणजे मालकांचे मेहुणे, त्यांच्या बायकोचे सख्खे भाऊ. मालकांची मुलं मामा म्हणायची, म्हणून कामगार म्हणू लागले, पुढे खेळाडूही. गावात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. पंच आणि धंदा चष्म्याचा! एवढी आयती संधी प्रेक्षक सोडतात होय? “मामा, एक नंबर स्वतःसाठीही काढा!” हे मी इतक्या वेळा ऐकलं की ओरडणारा तोंड उघडायच्या आतच मला कळायचं. मामा हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत. हनुवटी वर करून आकडा सांगायचे, “तीस-पंधरा,” की मैदान गप्प.

दरारा होता माणसाचा. पण दरारा आवाजाचा नव्हता, उतरण्याचा होता. वाद झाला की मामा मानापमान न मानता खाली यायचे. पुढेपुढे तर जरा शंका आली तरी उतरायचे. वयानुसार माणूस आळसावतो, मामा उलटे. शेवटच्या काही वर्षांत तर एकेका सामन्यात कितीदा चढायचे नि उतरायचे. माझ्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या. लोक म्हणायचे, “असा पंच पाहिला नाही. स्वतःच्या डोळ्यांवर विसंबत नाही, मातीला विचारतो.”

मी ऐकत असे. खरं कारण मला ठाऊक होतं. मामा माझ्यावर बसले की मान थोडी तिरकी ठेवायचे. लोकांना ती ऐट वाटायची. पण समोरून येणारा चेंडू ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. सरळ बघितलं तर त्यांना तो दिसत नव्हता.

त्यांच्या लेकीलाही ते कळलं होतं. ती दुकानात त्यांच्यासोबत बसायची, लोकांचे डोळे तपासायची. स्पर्धेच्या दिवसांत ती रेषेवरची पंच म्हणून उभी राहायची. माझ्यासारखं वर नाही, खाली, एका कोपऱ्यात, गुडघ्यांवर हात टेकून. स्पष्ट बोलणारी बाई. बापाचंच पाणी.

ज्या वर्षीची गोष्ट मी सांगणार आहे, त्या वर्षी स्पर्धेच्या दर्जाचा प्रश्न होता. दर्जा एक पायरी वर गेला तर पहिल्या फळीतले खेळाडू येणार होते. त्यासाठी टेनिस संघटनेचे निरीक्षक येऊन पाहुण्यांच्या रांगेत बसले होते. मालकांनी सिमेंटच्या पायऱ्यांना रंग दिला, कुंड्या मांडल्या, मलाही हिरव्या रंगाचा हात दिला. चांगले सामने झाले. अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी, मैदानावर पाणी मारणं चाललेलं असताना बाप-लेक माझ्यापाशी आले.

“बाबा, आज बसू नका.”

“का बरं?”

“का ते तुम्हाला माहीत आहे.”

“मी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला की तुझ्यासमोर!”

“वाचला नाहीत, म्हणून दाखवलात. तो तक्ता जन्मभर तुमच्या दुकानात टांगलाय, बाबा. तो तुम्हाला पाठ आहे. मी काल नवा लावला, वेगळ्या अक्षरांचा, तेव्हा दुसऱ्याच ओळीला तुम्ही खोकायला लागलात.”

मामा माझ्या पायावरचा नवा रंग नखाने खरवडत राहिले. मग म्हणाले, “कडेचं सगळं दिसतं. मधोमधच तेवढा धुरकट डाग आहे.”

“आणि चेंडू कुठून येतो? मधूनच ना?”

“आजचा दिवस जाऊ दे. तुझ्या आत्याच्या यजमानांनी या दिवसासाठी हाडाची काडं केली आहेत. ऐन वेळी पंच बदलला तर निरीक्षक काय म्हणतील? सामना होऊ दे, दर्जा मिळू दे, मग मी आपणहून उतरतो.”

“आणि चुकलात तर?”

“तर खाली उतरून बघेन. मातीत सगळं उमटतं.”

“उमटतं हो,” ती म्हणाली. “पण वाचायचं कोणी?”

मामा पाणी मारणाऱ्या माणसांकडे निघून गेले. कोणाला सांगणार नाही असं तिने कबूल केलं नव्हतं, पण सांगायला गेलीही नाही. बापाचं नाव बापानेच राखावं किंवा घालवावं, असं तिला वाटलं असावं.

अंतिम सामना डावखुऱ्याचा होता. तो शेजारच्या शहरातला, डाव्या हाताने खेळणारा, तापट. प्रेक्षक त्याला आपला मानायचे. समोर परदेशातला एक थंड डोक्याचा खेळाडू होता, हरला काय नि जिंकला काय, चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. डावखुरा आणि मामा यांच्यात एक जुनी गोष्ट होती. आदल्या वर्षी उपांत्य सामन्यात, अगदी शेवटी, डावखुऱ्याचा एक फटका रेषेपाशी पडला. मामांनी खाली उतरून खूण बघितली आणि बोट वर केलं. बाहेर. डावखुरा संतापला, त्याने ती खूण बुटाने घासून पुसून टाकली आणि पुढच्या काही मिनिटांत सामना हरला. वर्षभर तो सांगत फिरत होता, चेंडू आत होता.

त्या दिवशी ऊन कडक होतं, मैदान गच्च भरलेलं. पहिला सेट डावखुऱ्याने घेतला, दुसरा परदेशी खेळाडूने. मामा तिरक्या मानेने आकडे सांगत होते. काही चेंडू त्यांनी आवाजावर ओळखले, काही रेषेवरच्या पंचांवर सोडले, काहींसाठी उतरले. निरीक्षकांनी शेजाऱ्याला काहीतरी सांगून मान डोलावली. मालकांनी ती मान बघितली आणि त्यांना आकाश ठेंगणं झालं.

तिसरा सेट बरोबरीत आला. लांबलचक चाललेल्या एका चढाओढीनंतर डावखुऱ्याने कोपऱ्यात असा फटका हाणला की परदेशी खेळाडू जागचा हललाही नाही. प्रेक्षक उठून उभे राहिले. त्याच क्षणी रेषेवरच्या पंचाचा हात आडवा झाला. आउट!

तो हात मामांच्या लेकीचा नव्हता, ती समोरच्या बाजूला होती. एवढं बरं.

डावखुऱ्याने रॅकेट आपटली नाही. तो नुसता माझ्याखाली येऊन उभा राहिला आणि वर बघून म्हणाला, “मामा, खूण बघा.”

मामा उतरले. माझ्या पायऱ्यांवरून शेकडो वेळा उतरलेला तो पाय त्या दिवशी चाचपडत उतरला. ते चालत कोपऱ्यापाशी गेले आणि वाकले. त्या कोपऱ्यात दुपारभर मारा झाला होता. एकाशेजारी एक खुणा होत्या. डावखुऱ्याने रॅकेटने एक खूण दाखवली, ती रेषेला चिकटलेली होती. परदेशी खेळाडू जाळं ओलांडून आला आणि त्याने वीतभर पलीकडची दुसरी दाखवली. मामा गुडघ्यावर बसले. डोकं इकडे तिरकं केलं, तिकडे तिरकं केलं. मग हाताचा तळवा मातीवर टेकून तसेच थांबले.

सगळं मैदान वाट बघत होतं. मला एवढ्या लांबून त्यांची फक्त पाठ दिसत होती. बोट वर करायला काय लागतं? वर किंवा खाली, दोन्हींपैकी काहीही केलं असतं तरी चाललं असतं. मामांचा शब्द होता, कोणी तपासायला येणार नव्हतं.

मामा उठले, हात झटकले आणि दोन्ही खेळाडूंना ऐकू जाईल इतक्या, म्हणजे शांततेमुळे सगळ्यांनाच ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, “मला दिसत नाही.”

“काय?” डावखुरा म्हणाला.

“खूण दिसत नाही मला. चेंडूही दिसला नाही. स्पर्धेच्या मुख्य पंचांना बोलवा. हा सामना दुसऱ्या कोणीतरी पुढे चालवावा.”

पायऱ्यांवर आधी कुजबुज, मग एकच गलका. कोणीतरी “मामा, एक नंबर काढा!” असं ओरडलं, पण कोणी हसलं नाही आणि ओरडणाराच खाली बसला. मुख्य पंच धावत आले. तोवर दोघा खेळाडूंच्या पायांखाली दोन्ही खुणा भरडल्या गेल्या होत्या. खूण वाचता येत नसेल तर रेषेवरच्या पंचाचा निकाल कायम, असा नियम आहे. चेंडू बाहेर ठरला. माझ्यावर दुसरा पंच चढला. माझ्या आयुष्यात सामन्याच्या मध्यावर माणूस बदलला तो तेवढा एकदाच. नव्या माणसाचं वजन कमी होतं, पण बसला असा की काट्यावर बसलाय.

मामा मैदान ओलांडून निघाले तेव्हा त्यांची लेक आपली जागा सोडू शकत नव्हती. पंचाने सामना चालू असताना हलायचं नसतं. ती गुडघ्यांवर हात टेकून रेषेकडे बघत राहिली.

डावखुरा हरला.

मालक बक्षीस समारंभ होईस्तोवर हसतमुख राहिले. पाहुण्यांची पाठ वळली आणि त्यांनी मामांना माझ्यापाशीच गाठलं. “भरल्या मैदानात नाक कापलंस माझं! महिनाभर आधी सांगितलं असतंस तर मी हसत दुसरा पंच आणला असता. आणि सांगायचंच नव्हतं तर मग आजही गप्प बसायचंस! हे काय अर्धं अर्धं?”

“आधी सांगायला हवं होतं,” मामा म्हणाले. “ते चुकलंच.”

“आता गेल्या सगळ्या वर्षांचे निकाल लोक उकरून काढतील. हे कळतंय का तुला?”

“कळतंय.”

मालक रागाने निघून गेले. मामा माझ्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसले. वर चढायचं बळ नव्हतं, की मन नव्हतं, कोण जाणे. उन्हं कलली होती. माणसं मैदानावरून जाळं ओढत होती. दोरीला बांधलेलं जड जाळं मातीवरून फिरवलं की दिवसभराच्या घसरणी, उड्या, खुणा सगळं सपाट होतं.

खांद्याला पिशवी अडकवून डावखुरा आला. मामांसमोर उभा राहिला. मला वाटलं, आता हा हात उगारतो.

“मामा, एक विचारायचं होतं.”

“विचार.”

“मागच्या वर्षीची ती खूण. ती दिसली होती तुम्हाला?”

“दिसली होती असं तेव्हा वाटलं होतं,” मामा म्हणाले. “आता छातीठोक सांगता येत नाही. माझ्याच मनाने रेषा पूर्ण केली असेल.”

डावखुऱ्याने पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. “मी ती खूण बुटाने पुसली.”

“हो.”

“पुसली नसती तर...”

“तर संध्याकाळी या जाळ्याने पुसली असती.”

दोघंही जाळं ओढणाऱ्या माणसांकडे बघत राहिले. मग डावखुरा हसला. आनंदाने नव्हे, दमून. “खरं सांगू? मीही ती नीट बघितली नव्हती. तुम्ही बोट वर केलंत आणि माझं डोकंच फिरलं. वर्षभर ज्याला त्याला सांगत सुटलो, आत होता, आत होता. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं.”

“असेलही आत.”

“असेलही,” तो म्हणाला. “पण तुमच्यावरचा राग गेला, असं मी म्हणणार नाही.”

“म्हणूही नकोस.”

तो गेला. मामा उठेपर्यंत त्यांची लेक येऊन उभी होती. ती त्यांच्या हाताला धरून घेऊन गेली. त्याआधी तिने त्यांना कधी हाताला धरलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी दर्जा मिळाला नाही. मालक आणि मामा यांच्यातलं बोलणं तुटलं. मालकांची बायको, म्हणजे मामांची बहीण, मधल्यामध्ये भरडली जात होती. एका बाजूला कुंकवाचा धनी, दुसऱ्या बाजूला पाठचा भाऊ. शेवटी पुढच्या स्पर्धेच्या पहिल्या दिवशी तिने नवऱ्याच्या शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ठेवला आणि भावाला हाताला धरून आणून तिथे बसवलं. मालक म्हणाले, “इथे कोणीतरी बसलंय.” ती म्हणाली, “हो, माझा भाऊ.” संपलं.

पहिले काही गेम दोघं शेजारी शेजारी दगडासारखे बसले होते. मग पायऱ्यांवरून ओरडा झाला आणि मामांच्या तोंडून सवयीने निघालं, “काय झालं?”

मालक फुरंगटून म्हणाले, “बाहेर गेला.”

“आवाज तर आतला वाटला.”

“बाहेर म्हणतोय ना मी!”

मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, “आत होता हो, आत.”

मालक ओशाळले. त्यानंतर ते प्रत्येक चेंडूचं वर्णन मामांना सांगू लागले. पण कसं? ज्याच्या बाजूने मन, त्याचे सगळे चेंडू आत. मामा हसायचे, म्हणायचे, “बरं झालं तुम्हाला कधी वर बसवलं नाही.” पुढे किती वर्षं त्या दोघांची ही जुगलबंदी चालली! मैदानात एक सामना, पायऱ्यांवर दुसरा, आणि दोन्हींचा निकाल क्वचितच जुळायचा.

डावखुरा परत खेळायला आला. जिंकला मात्र कधीच नाही. एकदा सामना आटोपल्यावर तो थेट मामांच्या दुकानात गेला आणि काळा चष्मा घेऊन आला, असं लेक सांगत होती. मामांनी त्याच्या नाकावर तो स्वतःच्या हाताने, चाचपून, बसवून दिला म्हणे.

आणि लेक? तिने पंचाच्या परीक्षा दिल्या. पुरुषांच्या सामन्यात बाई वर बसणार म्हटल्यावर काही खेळाडूंनी भुवया उंचावल्या. पहिल्या सामन्यात एकाने तिला तोंडावरच विचारलं, “तुमच्या घराण्यात दिसतं ना नीट?” ती म्हणाली, “मला दिसतं. दिसलं नाही तर सांगायची आमच्याकडे पद्धत आहे.” तो गडी गुपचूप सर्व्हिस करायला गेला. ती बापासारखी वारंवार उतरत नसे, पण उतरली की पुरतं वाकून बघायची. मला तिचं बसणं आवडायचं. पाठ टेकायची नाही.

स्पर्धेचा दर्जा आणखी काही वर्षांनी वाढला आणि पुढे घसरलाही. जगातले मैदानांचे रंग बदलत होते. निळी, कडक, झटपट खेळाची मैदानं आली. मातीला रोज पाणी लागतं, जाळं लागतं, माणसं लागतात. मालक अंथरुणाला खिळले, भट्टी बंद पडली. त्यांच्या मुलांनी स्पर्धेच्या तारखा एका मोठ्या शहराला देऊन टाकल्या. तिथे, म्हणतात, चेंडू आत की बाहेर हे यंत्रच सांगतं. कोणाला उतरावं लागत नाही. शेवटच्या वर्षीचा अंतिम सामना लेकीने चालवला. मालक नव्हते. मामा होते, पण शेजारची जागा रिकामी. त्या दिवशी ओरडा झाला तरी त्यांनी कोणाला काही विचारलं नाही.

मैदानावर आता गाड्या उभ्या राहतात. जागा विकली तेव्हा मला जळाऊ लाकडात काढायचं ठरत होतं. पण पलीकडच्या तरणतलावाच्या व्यवस्थापकाची नजर माझ्यावर पडली. त्याला एक उंच खुर्ची हवीच होती. चार माणसांनी मला उचललं, बोटं मोडली, आणि मी पाण्याच्या काठावर आले. आता माझा रंग पांढरा आहे. माझ्यावर एक जीवरक्षक मुलगी बसते, गळ्यात शिट्टी घालून. ती कोणाला जिंकलास-हरलास सांगत नाही. पाण्यात गेलेलं प्रत्येक डोकं वर आलं की नाही, एवढंच बघते. माझा स्वभाव निकालाचा, सुरुवातीला हे काम मला हलकं वाटलं. आता वाटत नाही.

परवा खोल पाण्याच्या बाजूला एक गृहस्थ बुडी मारून बराच वेळ वर आले नाहीत. खेळ चाललाय की घात, वरून कळेना. तिने क्षणभर मान पुढे केली आणि सरळ उडी घेतली. गृहस्थ श्वास रोखून बसले होते. त्यांना दंडाला धरून वर आणलं तेव्हा ते चिडले, आणि काठावरची सगळी मंडळी हसायला लागली. पोरगी ओशाळून गेली.

माझं मागणं एवढंच आहे. उंचावर बसलेल्या माणसाला शंका आली आणि तो खाली उतरला, तर त्याला हसू नका. वर बसून राहणं फार सोपं असतं, हे मी तुम्हाला सांगू शकते, कारण बसवण्याचं काम मीच करते.

ती ओलीचिंब परत वर चढली, शिट्टी नीट केली आणि पाण्याकडे बघू लागली. मला पुसायची तिला आठवण राहिली नाही. मीही म्हटलं, राहू दे. वाळेन मी.